नाव न सांगणाऱ्याची नोंद

मंगळवार, २ फेब्रुवारी २०१६

मी संभाजी गेनबा भाडळे, वय त्रेपन्न, बी.कॉम., खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत देखभाल विभागाचा प्रमुख. एका मृत्यूसंबंधी मला तांत्रिक अहवाल द्यायचा आहे. अहवालात जे लिहिता येत नाही ते कुठेतरी लिहिलेले असावे, एवढ्यासाठी ही वही. काम संपले की खाली सही करीन आणि वही बंद करीन.

वस्तुस्थिती अशी. स्वारगेटजवळ एका धर्मादाय न्यासाचे रुग्णवाहिका नियंत्रण केंद्र आहे. सहा टेबले. फोन येतो, टेबलावरची बाई पत्ता भरते, बटण दाबते. आमचा प्रोग्रॅम फेरीला क्रमांक देतो आणि तो जवळच्या ड्रायव्हरच्या फोनवर जातो. क्रमांकाशिवाय गाडी हलत नाही — हा न्यासाचा नियम.

गुरुवार, २८ जानेवारी. सायंकाळी ५.४३ ला नारायण पेठेतून फोन. प्रेमला नावाच्या बाई, वय एकावन्न, दम्याचा झटका. फोन नवऱ्याने केला. टेबल क्रमांक पाचवर लगेच उचलला गेला. फेरीची नोंद मात्र झाली ५.५३ ला. गाडी दारात पोचली सहा वाजून चार मिनिटांनी. बाई गेल्या होत्या.

टेबल पाचवर अख्तरबानू शेख. नोकरीला चौदा वर्षे. सध्या निलंबित. आरोप — फोन उचलून दहा मिनिटे नोंद केली नाही, आणि त्या वेळी स्वतःच्या मोबाइलवर ड्रायव्हरशी गप्पा मारत होत्या. कॅमेऱ्यात मोबाइल कानाला लावलेला दिसतो. त्या म्हणतात, स्क्रीन अडकली होती. शेजारच्या दोघीही तेच म्हणतात. त्यावर चौकशी अधिकाऱ्यांचा शेरा: ‘एकमेकींना सांभाळून घेतात.’

मला विचारलेला प्रश्न एकच. त्या दहा मिनिटांत प्रोग्रॅम चालू होता की नाही?

चालू होता. तो मी लिहिलेला आहे. ऑक्टोबर २००६ पासून एकदाही बंद पडलेला नाही!


बुधवार, ३ फेब्रुवारी

लॉग तपासला. लॉग म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच ठेवतो ती नोंदवही. कोण आले, केव्हा आले, काय मागितले. ५.४२.०८ ला एक नोंद. त्यानंतरची ५.५३.२० ला, टेबल पाचचीच. मधे काही नाही. चूक नाही, इशारा नाही. कोरे.

कोरे म्हणजे कोणी आले नाही.

मसुदा केला: ‘सदर कालावधीत टेबल क्रमांक ५ कडून नोंदणीचा कोणताही प्रयत्न झाल्याचे आढळून येत नाही.’ वाक्य दोनदा वाचले. एकही शब्द जास्त नाही.


शुक्रवार, ५ फेब्रुवारी

मसुदा नीरजाला वाचायला दिला. माझ्या हाताखाली तीन वर्षे आहे, इंजिनिअर, चोख. बोलणे मात्र अर्धे इंग्रजी.

“सर, एक डाउट आहे. सहाही टेबलं अकरा मिनिटं गप्प? गुरुवारी संध्याकाळी? पीक अवर असतो तो.”

मी म्हटले, “अशक्य आहे का?”

“अशक्य नाही. पण विअर्ड आहे.”

“विअर्ड हा शब्द अहवालात चालत नाही.”

“ओके सर.”

हे ‘ओके सर’ मला ओळखू येते. त्याचा अर्थ ओके नसतो.


रविवार, ७ फेब्रुवारी

सकाळी दहा वाजता बेल. दार साखळी लावूनच उघडले. बाहेर एक बाई आणि तिच्यामागे पन्नाशीचा गृहस्थ. मी विचारले, “आपण कोण? काम काय?” बाई बोलायला लागली, पण तिचा आवाजच फुटेना. मी पुन्हा विचारले, “आधी नाव सांगा.”

आतून आई आली. वय ब्याऐंशी, कान तिखट. “दारातल्या मानसाला उभं करून नाव इचारतोस? फौजदार हायेस का तू?” मला हाताने बाजूला केले, साखळी काढली. “ये बये. बस. आदी पानी पी. तुमी बी बसा, दादा.”

बाई पाणी प्यायल्या. सगळा तांब्या. मग आईने विचारले, “हां. आता सांग, कोनाची तू?”

अख्तरबानू शेख. बरोबर भाऊ, अय्युब.

मी सांगितले, चौकशी चालू असताना मला आपल्याशी बोलता येणार नाही. अय्युब म्हणाले, “तुम्ही बोलू नका साहेब. ती बोलेल, तुम्ही फक्त ऐका. ऐकायला तर बंदी नाही ना?”

त्यांचे म्हणणे मी आठवून जसेच्या तसे लिहितो.

“सर, मी पत्ता भरला. बटण दाबलं. गोल फिरत राहिलं. बंद करून परत उघडलं, परत दाबलं. सात वेळा दाबलं सर. मोजलेत मी, कारण पलीकडे ते गृहस्थ मोठ्यानं मोजत होते — तिचा श्वास. शेवटी मोबाइलवरून संपतला फोन लावला, स्वारगेटच्या गाडीवर असतो. त्याला म्हटलं, नीघ. तो म्हणाला, ताई, नंबर? त्या गप्पा होत्या सर.”

मी विचारले, संपतने चौकशीत हे सांगितले का?

“तो म्हणतो, आठवत नाही.”

मग म्हणाल्या, “स्क्रीन अशी अधूनमधून अडकतेच की. आमच्याकडं त्याला म्हणतात, बाई रुसली. मिनिटभर थांबायचं, मग चालते. त्या दिवशी बाई उठलीच नाही.”

मी विचारले, “लेखी तक्रार दिलीत कधी?”

“फोनवर चारदा सांगितलं तुमच्या ऑफिसात. तुम्हीच होतात एकदा. तारीख, वेळ, टेबल क्रमांक आणि स्क्रीनचा फोटो पाठवा म्हणालात. टेबलावर मोबाइलला बंदी आहे सर. फोटो कशानं काढू?”

गेल्यावर आई म्हणाली, “खोटं बोलनारं मानूस एवढं पानी पीत न्हाई.” हा पुरावा नव्हे. तरी लिहून ठेवतो.


सोमवार, ८ फेब्रुवारी

सात वेळा दाबले असते, तर लॉगमध्ये सात नोंदी असत्या. नाहीत!


मंगळवार, ९ फेब्रुवारी

नीरजा दुपारी लॅपटॉप घेऊन आली. खुर्ची ओढून बसली. एरवी उभी राहते.

“सर, रागावू नका. मी प्रोग्रॅमचा सोर्स कोड वाचला. तुमचा.”

“मग?”

“नवीन कनेक्शन जिथे घेतो ना आपण... त्या लूपमध्येच नाव विचारतोय. आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबतोय. टाइमआउटच नाहीये, किती वेळ थांबायचं त्याचा.”

मी म्हटले, “पद्धतच तशी आहे. आधी ओळख, मग प्रवेश.”

“हो सर. पण जो आत आला आणि बोललाच नाही, तर?”

मी तिचा लॅपटॉप माझ्याकडे ओढला. ती दोन मिनिटे बसली आणि उठून गेली.

स्वतःसाठी नीट मांडतो. केंद्रात एकच मोठे मशीन आहे. त्यावर आमचा मुख्य प्रोग्रॅम कायम चालू असतो. टेबलावर कोणी बटण दाबले, की त्याच मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम जन्माला येतो आणि मुख्य प्रोग्रॅमचे दार ठोठावतो. मुख्य प्रोग्रॅम दार उघडतो, विचारतो, ‘कोणत्या टेबलाचा?’ उत्तर आले की लॉगमध्ये नाव लिहितो, काम एका बाजूला सोपवतो आणि पुढच्यासाठी दार उघडतो. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या भागात होते. म्हणून नऊ वर्षे कोणाला दिसले नाही.

दार एक. दारात एका वेळी एक. बाहेर बाकावर पाच जागा. पाच भरल्या की सहाव्याला परत पाठवतात, काही न सांगता. पाच हा आकडा मी निवडला होता. टेबले सहा, एक दारात, पाच बाकावर. हिशेब नेटका होता.

दारातला मुका निघाला तर बाकावरचे बसून राहतात. आणि नोंद नाव सांगितल्यावर होते. बाकावर बसलेल्याची नाही. दारातल्या मुक्याचीही नाही.


गुरुवार, ११ फेब्रुवारी

हा नियम मला कोणी शिकवला ते आठवते. १९८३. बी.कॉम. होऊन एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात टपालात एक निनावी पत्र आले. मी ते रजिस्टरमध्ये चढवले — ‘पाठवणारा: माहीत नाही.’ हेडक्लार्कनी सगळ्यांसमोर रजिस्टर उचलून दाखवले. “भाडळे, हे काय? ज्याला नाव नाही ते आलेलंच नाही. समजलं? रजिस्टर म्हणजे धर्मशाळा नव्हे.” सगळे हसले. खराडीचा शेतकऱ्याचा पोरगा, कॉलर घट्ट, कान लाल.

समजले होते. पुढे कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरी बदलली, आमच्या शेतावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्याच एकीत मला केबिन मिळाली. नियम तोच. निनावी नोंद माझ्या एकाही कामात सापडणार नाही. याचा मला अभिमान होता.


शनिवार, १३ फेब्रुवारी

ऑफिसला सुट्टी. मी एकटा गेलो. चाचणीच्या मशीनवर तोच प्रोग्रॅम चालू केला, हाताने एक जोडणी उघडली, दार उघडले गेले आणि मी गप्प बसलो. नाव सांगितले नाही.

दुसऱ्या स्क्रीनवर टेबल पाच म्हणून पत्ता भरला. नारायण पेठ असेच भरले. का, ते सांगता येत नाही. बटण दाबले. गोल फिरत राहिले.

घड्याळ काढून टेबलावर ठेवले. तेवढाच वेळ बसायचे ठरवले होते — अकरा मिनिटे आणि बारा सेकंद. चौथ्या मिनिटाला पाणी प्यायला उठावेसे वाटले. उठलो नाही. सहाव्या मिनिटानंतर मी मोजायला लागलो. माझाच श्वास.

अकरा मिनिटे बारा सेकंद. माझी जोडणी तोडली. त्याच क्षणी दुसऱ्या स्क्रीनवर क्रमांक आला. लॉग उघडला. मधला वेळ कोरा!

अकरा मिनिटे मी दार अडवून बसलो होतो, आणि नोंदवहीत मी नव्हतो.


सोमवार, १५ फेब्रुवारी

स्वारगेटला केंद्रावर गेलो. प्रोग्रॅमचा लॉग नव्हे, मशीनची स्वतःची यादी हवी होती. कोणता प्रोग्रॅम केव्हा जन्मला आणि केव्हा मेला एवढे मशीन आपणहून टिपते. तीस दिवसांनी पुसते. आज अठरावा.

२८ जानेवारीची संध्याकाळ मागितली. मिळाली.

५.४२.०९ ला टेबल तीनचा छोटा प्रोग्रॅम जन्मला, ५.५३.१९ ला त्या टेबलावरच्या बाईंनी कंटाळून आपला संगणक बंद केला तेव्हा मेला. हाच मुका. कारणही सापडले. दार उघडल्यावर, नाव सांगण्याआधी, तो संभाषण ध्वनिमुद्रित करण्यासाठी फाइल उघडतो. त्या दिवशी ध्वनिमुद्रणाची डिस्क भरली होती. तो तिथेच ताटकळला; मेला तशी त्याने अडवलेली जागा सुटली, म्हणून पुढचे अडकले नाहीत. म्हणून त्या दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रणही नाही. एरवी पाचवरचा आवाज आपोआप सापडला असता.

टेबल पाच: ५.४३.३१. ५.४४.५०. ५.४५.४०. ५.४७.०२. ५.४८.१५. ५.५०.०६. ५.५१.४४.

सात. बोट ठेवून पुन्हा मोजले. सात!

बाहेर गाड्या उभ्या होत्या. संपत कोणता ते विचारले. तिशीचा माणूस, चाक पुसत होता. मी नाव सांगितले तसा उभा राहिला.

“तिनं फोन केला होता?”

त्याने फडके पिळले. मग म्हणाला, “केला होता साहेब. रडत होती. मी म्हटलं, नंबर द्या. गेल्या वर्षी बिननंबराचा निघालो होतो, पंधरा दिवस घरी बसवलं होतं मला. नारायण पेठ म्हणजे इथून किती? नऊ मिनिटं. मी गाडी चालू करून बसलो होतो साहेब. चालू करून!”

“हे चौकशीत सांगाल?”

“काय सांगू? बसलो होतो म्हणून?”


मंगळवार, १६ फेब्रुवारी

हेमा मॅडमकडे गेलो. कंपनी त्यांची. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान. पूर्ण ऐकून घेतले, एकदाही फोनकडे पाहिले नाही. मग म्हणाल्या, “भाडळे, खरं लिहायचं म्हणजे सगळं लिहायचं, असं नसतं.”

“म्हणजे?”

“डिस्क भरली, ती न्यासाची जबाबदारी. ते लिहा. ‘तांत्रिक अडथळ्याची शक्यता नाकारता येत नाही.’ बाई सुटेल. तुम्ही सुटाल. मीही सुटेन.”

मी म्हटले, “शक्यता नाही, मॅडम. खात्री आहे. आणि शक्यतेवर ती सुटणार नाही. पुन्हा म्हणतील, एकमेकींना सांभाळून घेतात.”

“तुमचं नाव लिहावं लागेल.”

“प्रोग्रॅमच्या फाइलीच्या माथ्यावर आहेच. सं. गे. भा., १४ ऑक्टोबर २००६. नाव घातल्याशिवाय फाइल घ्यायची नाही, हा नियमही माझाच.”

त्या हसल्या नाहीत. “निवृत्तीला पाच वर्षं उरलीत तुमची. विचार करा.”


गुरुवार, १८ फेब्रुवारी

विचार केला. काही नवीन सापडले नाही.


शुक्रवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. गल्लीत ढोल. खिडक्या लावून अहवाल लिहिला. ‘आढळून येत नाही’ हे वाक्य खोडले आणि त्याजागी टेबल पाचच्या सातही वेळा लिहिल्या, एकीखाली एक. त्याखाली दोष कोणत्या ओळीत आहे, ती ओळ कोणी लिहिली.

शालू चहा घेऊन आली. तिला वाचून दाखवले. पत्नीला ऑफिसचे काही वाचून दाखवण्याची पहिलीच वेळ. ती म्हणाली, “अहो, तुमची नोकरी जाईल का?”

“जाऊ शकते.”

“बरं.” मग दारातून वळून म्हणाली, “त्या बाईंना कोण आहे घरी?” मला माहीत नव्हते. त्यांच्याबद्दल मला फक्त टेबल क्रमांक माहीत होता.


शनिवार, २० फेब्रुवारी

अहवाल हेमा मॅडमना दिला. वाचला. म्हणाल्या, “एक वाक्य वाढवा, मग माझी सही घ्या. ‘असा प्रसंग यापूर्वी घडलेला नाही.’ एवढं तरी कंपनीला हवं.”

मला गैर वाटले नाही. डिस्क भरणे ही अपवादात्मक घटना. नऊ वर्षांचा लॉग काढून पाहिला. अशा स्वरूपाची एकही नोंद नाही. वाक्य आधाराने लिहिले.

नीरजा वाचताना त्या वाक्यावर थांबली. “सर, हे...”

“आधार आहे. नऊ वर्षांचा लॉग.”

“...ओके सर.”


मंगळवार, २३ फेब्रुवारी

न्यासाच्या कार्यालयात सुनावणी. तीन विश्वस्त, चौकशी अधिकारी, अख्तरबानू, अय्युब, संपत. कोपऱ्यात एक उंच गृहस्थ, शर्टाचे वरचे बटण चुकीच्या काजात. प्रेमलाबाईंचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवतात.

मी वाचले. त्या सातही वेळा वाचून दाखवल्या. विश्वस्तांपैकी एक म्हणाले, “म्हणजे सोप्या भाषेत काय?” मी म्हटले, “सोप्या भाषेत, या बाई दार वाजवत होत्या आणि मी दार अशा पद्धतीने बसवले होते की आतून ऐकू येत नव्हते.”

संपत आपणहून उभा राहिला. “फोन आला होता. नंबर नाही म्हणून मी हललो नाही.” एवढे बोलून बसला.

मग ते गृहस्थ बोलले. माझ्याशी नाही, अख्तरबानूंशी. “ताई, तुम्ही दाबत होतात?”

“हो, सर.”

“मी तुम्हाला फोनवर फार वाईट बोललो. तुमच्या आईवरून बोललो.”

“तेवढं ऐकू येतंच आम्हाला. राहू द्या.”

नंतर माझ्याकडे वळले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “आमच्याआधी कोणाच्या बाबतीत असं झालं होतं का?”

“नाही,” मी म्हटले. “नोंद नाही.”

त्यांनी मान हलवली. मला वाटते त्यांना त्याने थोडे बरे वाटले. किंवा वाईट. समजले नाही.


बुधवार, २४ फेब्रुवारी

रजेचा अर्ज दिला. मॅडमनी परत केला. “आधी ते दार दुरुस्त करा. मग कुठं जायचं ते जा.”


शुक्रवार, २६ फेब्रुवारी

अख्तरबानूंचे निलंबन रद्द. सोमवारपासून कामावर. अय्युबांचा फोन आला: “साहेब, आजींना सांगा.” आईला सांगितले. ती म्हणाली, “मग? त्यात काय नवल? पोरगी खरीच व्हती.”

नवा प्रोग्रॅम नीरजाने आणि मी मिळून पुरा केला. जो येईल त्याला आधी आत घ्यायचे, बाजूला बसवायचे आणि दार लगेच पुढच्यासाठी मोकळे करायचे. आल्याची वेळ तत्क्षणी लिहायची. नाव नसले तरी. नाव मागाहून. दहा सेकंदांत बोलला नाही तर ‘मुका’ असा शेरा मारायचा, आणि बोलेपर्यंत लक्ष ठेवायचे.

आई हे रोज करते.

‘मुका’साठी वेगळा रकाना नीरजाने सुचवला. मी म्हटले, वर्षाकाठी एखादा सापडेल, रकाना कशाला? ती म्हणाली, “असू दे ना सर. जागा लागत नाही.”


शनिवार, २७ फेब्रुवारी

आज तिसावा दिवस. आज मशीन २८ जानेवारी पुसेल. त्या संध्याकाळची प्रत माझ्याकडे आहे. आधीच्या दिवसांची मागितली नव्हती, गरज नव्हती.


रविवार, २८ फेब्रुवारी

सकाळी नऊ वाजता नवा प्रोग्रॅम केंद्रावर चालू केला. दहा मिनिटे उभा राहून पाहिला. व्यवस्थित. उद्या लॉग पाहून सही करीन आणि ही वही कपाटात ठेवीन.


सोमवार, २९ फेब्रुवारी

पहिल्या चोवीस तासांचा लॉग. ‘मुका’ रकान्यात तीन नोंदी.

सकाळी ११.१६, टेबल दोन — एक मिनिट पाच सेकंद. दुपारी ३.४०, टेबल सहा — दोन मिनिटे. सायंकाळी ७.०२, टेबल तीन — चार मिनिटे दहा सेकंद. डिस्क भरलेली नव्हती. ध्वनिमुद्रण नुसते संथ होते, रोजच्यासारखे. जुना प्रोग्रॅम असता, तर या तिन्ही वेळी दार बंद राहिले असते आणि लॉग कोरा राहिला असता. ७.०२ नंतरच्या चार मिनिटांत बाकावर चौघे अडकले असते; चौघांनाही काल लगेच क्रमांक मिळाला.

बाई रुसली. अख्तरबानू सांगत होत्या.

एका दिवसात तीन. नऊ वर्षे चार महिने. त्यांतले किती फोन वाट पाहत होते आणि त्यांच्या पलीकडे कोण होते, याची नोंद नाही. नोंद ठेवायची नाही, हे मी ठरवले होते.

चित्रकलेच्या मास्तरांना मी ‘नाही’ म्हणालो. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. नारायण पेठ. आत्ता निघतो.

संभाजी गेनबा भाडळे
खराडी, पुणे
२९ फेब्रुवारी २०१६